सोमवारचा जनरेटर आणि खारघरचा लिनॅक : अणुऊर्जा विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, अणुऊर्जा आयोग,
आणि अणुशक्ती भवनातले, ट्रॉम्बेचे, वाशीचे सगळे सर आणि मॅडम,

स.न.वि.वि.

मी एका जिल्ह्याच्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. त्याआधी पुणे विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स केलं आणि मग परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधनं डिप्लोमा, म्हणजे माझ्या हाताला जे वळण लागलंय ते तुमच्याच खात्यातल्या लोकांनी लावलंय. त्यामुळे हे पत्र कुणा परक्यानं केलेली तक्रार समजू नका. लेक घरातल्या मोठ्यांशी बोलते तसं बोलतेय, मुख्य मागणं एकच, पेशंटसाठी लागणारे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) बनवायला रिअॅक्टरच्या जोडीला एक इलेक्ट्रॉन लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगात पळवणारं मशीन, उभारा. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमचा आठवडा सोमवारी सकाळी सातला सुरू होतो, जनरेटरपासनं. हे पत्र खुलं आहे, पेशंटची मुलंबाळं पण वाचतील म्हणून सांगते, हा जनरेटर वीज बनवणारा नाही. छोट्या बादलीएवढं, आत शिशाचं जाड कवच असलेलं भांडं असतं, त्या कवचात बोटभर काचेची नळी, आणि नळीत मॉलिब्डेनम-९९ धरून ठेवलेलं. हे मॉलिब्डेनम आपोआप बदलत राहतं आणि त्याचं टेक्नेशियम-९९एम होत राहतं. एका बाजूला सलाइन लावायचं, दुसऱ्या बाजूला हवा काढून घेतलेली वायल टोचायची, की सलाइन नळीतनं सुर्रकन खेचलं जातं आणि जाताना फक्त टेक्नेशियम सोबत घेऊन जातं, मॉलिब्डेनम जागचं हलत नाही. याला आम्ही मिल्किंगच म्हणतो, दूध काढणं. आणि ते आहेही तसंच, सकाळी धार काढली की दुसऱ्या दिवसापर्यंत परत भरतं. हाडांचा स्कॅन, हृदयाचा स्कॅन, किडनी, थायरॉइड, सगळं त्या एका वायलवर चालतं.

पण ही गाय रोज आटत जाते. मॉलिब्डेनम-९९ ची हाफ लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६६ तास, टेक्नेशियमची ६ तास. या सोमवारी आलेल्या जनरेटरमध्ये पुढच्या सोमवारी फक्त १७ टक्के उरलेलं असतं. फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर तिजोरीत ठेवा, काही फरक पडत नाही, याचा साठा करताच येत नाही. आठवड्याला नवीन पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि नाही आला की त्या आठवड्याचे पेशंट परत जाणार.

असा एक सोमवार सांगते. आमचा त्या वेळचा जनरेटर परदेशातनं यायचा आणि तिकडे कुठेतरी रिअॅक्टर बंद पडल्यामुळे तो आला नाही, आम्हाला कळलं रविवारी रात्री. रात्रीच सगळ्यांना फोन केले, पण एका मावशींचा फोन लागला नाही, त्यांच्या गावात रेंज नव्हती. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या, कंबर दुखायला लागली म्हणून हाडांचा स्कॅन सांगितलेला. पहाटेची पहिली एसटी धरून आल्या. स्कॅनच्या आधी भरपूर पाणी प्यायचं असं आम्हीच सांगितलेलं, म्हणून घरनं दोन मोठ्या बाटल्या उकळलेलं पाणी भरून आणलेलं, पिशवीत फाइलच्या शेजारी उभ्या करून ठेवलेल्या. मी त्यांना सांगितलं की औषध आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात या. काही बोलल्या नाहीत. अर्धा तास बाकावर बसल्या, एका बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि एसटी स्टँडला गेल्या. कंबरेत पसरलंय की नाही हे कळायला त्यांना आणखी अकरा दिवस लागले. स्कॅन स्वच्छ निघाला, पण ते अकरा दिवस त्यांनी कसे काढले असतील हे मला अजून आठवतं.

हे एका हॉस्पिटलचं झालं. जगाचा हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मॉलिब्डेनम-९९, आमच्या बोलीत मॉली-९९, बनतं ते बहुतेक युरेनियमच्या फिशनमधनं, म्हणजे युरेनियमचं केंद्र फोडून, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच रिसर्च रिअॅक्टरमध्ये, आणि त्यातले बरेचसे माझ्या वडिलांच्या वयाचे. कॅनडातल्या चॉक रिव्हरचा एनआरयू हा रिअॅक्टर १९५७ मध्ये सुरू झालेला, मे २००९ मध्ये बंद पडला तो ऑगस्ट २०१० मध्ये परत चालू झाला. त्यातच फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्समधला पेटनचा रिअॅक्टर दुरुस्तीला बंद करावा लागला. दोन मोठे रिअॅक्टर एकदम बंद, आणि जगभरातल्या न्यूक्लियर मेडिसिनवाल्यांनी काय काय करून दिवस काढले ते त्या काळात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. एनआरयू तर २०१८ मध्ये कायमचाच बंद झाला. पेटन १९६१ चा, तो अजून चालतोय, पण २०२२ मध्ये अडखळला, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये परत अडखळला.

आपल्याकडे ट्रॉम्ब्याला सायरस रिअॅक्टर होता, तो २०१० च्या अखेरीस बंद केला. ध्रुव १९८५ पासनं खूप ओझं वाहतोय आणि त्याबद्दल मनापासून हात जोडते. २०१८ मध्ये अप्सरा-यू आला, तो २ मेगावॅटचा. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं मेडिकल आयसोटोपसाठी खासगी भागीदारीत नवीन रिसर्च रिअॅक्टर बांधायचं जाहीर केलं, त्या दिवशी आमच्या डिपार्टमेंटमध्ये पेढे आले होते, खरंच. तो रिअॅक्टर व्हावाच. पण रिअॅक्टर म्हणजे दोन वर्षांत उभा राहणारी गोष्ट नाही, आणि झाला तरी परत सगळी भिस्त एकाच जागेवर. माझं म्हणणं या रिअॅक्टरच्या विरोधात नाहीये, माझं म्हणणं एवढंच की त्याच्या बरोबरीनं दुसरा रस्ता आत्ता चालू करा. आणि तो दुसरा रस्ता फोटोन्यूक्लियरचा आहे, म्हणजे न्यूट्रॉनच्या ऐवजी जोरदार गॅमा किरणांनी धातूच्या अणुकेंद्रातनं एक न्यूट्रॉन किंवा एक प्रोटॉन उडवायचा.

ही काही नवीन कल्पना नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी गॅमा किरणांनी जड हायड्रोजनचं केंद्र फोडून दाखवलं. १९३७ मध्ये जर्मनीत बोथे आणि गेंटनर यांनी १७ एमईव्हीच्या (एमईव्ही हे कणांची, किरणांची एनर्जी मोजायचं माप) गॅमानं तांब्यातला न्यूट्रॉन उडवला आणि कॉपर-६२ केलं, ज्याची हाफ लाइफ दहा मिनिटांच्या आतबाहेर आहे. आणि गंमत बघा, तेच कॉपर-६२ आज शेजारच्या रेडिओथेरपीच्या खोलीत रोज तयार होतंय. १५ एमव्हीचा (म्हणजे १५ एमईव्हीपर्यंतचे किरण देणारा) लिनॅक जिथे आहे तिथल्या टेक्नॉलॉजिस्टना विचारा, बीम बंद झाल्यावर लगेच आत का घुसायचं नसतं, आणि तिथल्या दरवाज्यात बोरॉन घातलेलं प्लॅस्टिक का असतं. मशीनच्या डोक्यातल्या टंगस्टनवर, शिशावर, तांब्यावर जोरदार फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, आपटतात आणि न्यूट्रॉन उडतात, धातू थोडा वेळ रेडिओअॅक्टिव्ह होतो. आपण त्याला आजवर त्रास म्हणूनच बघितलं, त्यापासनं वाचायला भिंती जाड केल्या. तीच रिअॅक्शन मुद्दाम, योग्य धातूवर, योग्य एनर्जीला करायची, एवढीच गोष्ट आहे.

एनर्जीचं थोडं सांगते कारण सगळा खेळ तिथेच आहे. केंद्रातले सगळे प्रोटॉन एका बाजूला आणि सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला असे एकमेकांविरुद्ध हिंदकळायला लागतात, याला जायंट डायपोल रेझोनन्स म्हणतात. झोक्याला योग्य वेळी ढकललं तरच तो चढतो तसं हे, मधल्या वजनाच्या आणि जड धातूंसाठी हा झोका साधारण १५ एमईव्हीच्या आसपास सगळ्यात उंच जातो. मॉलिब्डेनम-१०० मधनं न्यूट्रॉन काढायचा तर उंबरठा ८.३ एमईव्ही, म्हणजे त्याच्या खाली काहीच होत नाही, त्याच्या वर सुरुवात होते आणि १४-१५ ला भर येतो. गॅमा आणायचे कुठनं, तर इलेक्ट्रॉन वेगात नेऊन टँटलम किंवा टंगस्टनच्या पट्टीवर आपटायचे, ते तिथे ब्रेक लागल्यासारखे थांबतात आणि त्यांची एनर्जी फोटॉन होऊन पुढे जाते. पण ते फोटॉन सगळ्या एनर्जीचे मिसळलेले असतात, बारीकसारीक जास्त आणि मोठे कमी, म्हणून १५ च्या आसपासचे भरपूर हवे असतील तर इलेक्ट्रॉन ३५-४० एमईव्हीचे लागतात.

मी पुण्याला असताना आमच्या डिपार्टमेंटमध्ये रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन होता, इलेक्ट्रॉन वेगात पळवणारं मशीन, ६ एमईव्हीचं. माझं प्रोजेक्ट त्याच्यावर होतं. ६ एमईव्हीला मॉलिब्डेनम ढिम्म हलत नाही, पण बेरिलियमचा उंबरठा १.६७ आहे, जड पाण्याचा २.२२, त्यामुळे बेरिलियमवर फोटॉन सोडले की न्यूट्रॉन निघायचे. डिटेक्टरवर पहिले काउंट वाढताना बघितले तो क्षण माझ्या डोळ्यासमोर आहे, प्रकाशानं, म्हणजे एका अर्थी प्रकाशच की तो, दगडासारख्या धातूतनं न्यूट्रॉन बाहेर काढला. युरेनियम नाही, रिअॅक्टर नाही, बटण बंद केलं की न्यूट्रॉनही बंद. मला तेव्हापासनं वाटत आलंय की आपल्याकडे माणसं आहेत, मशीनं बनवता येतात, फक्त ६ च्या पुढे ४० पर्यंत जायचं कुणीतरी ठरवायला हवं.

आणि तुम्ही अर्ध्या रस्त्यावर आलेलाच आहात. खारघरला तुमचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथे १० एमईव्हीचा लिनॅक आहे, तोही आपल्याच लोकांनी बनवलेला. त्याच लिनॅकवर बीएआरसीच्या रेडिओकेमिस्ट्रीच्या लोकांनी साधं मॉलिब्डेनम ठेवून मॉलिब्डेनम-१०० मधनं मॉली-९९ काढून दाखवलंय, युरेनियमच्या फोटोफिशनमधनंही, म्हणजे गॅमानं युरेनियम फोडूनही, काढलंय, आणि ते छापून येऊन दहाएक वर्षं होऊन गेली. १० एमईव्हीला निघतं किती, तर अगदी थोडं, कारण ८.३ च्या वर जेमतेम शेपटी उरते. पण म्हणजे केमिस्ट्री केलेली आहे, मोजमाप केलेलं आहे, हे करणारी माणसं आहेत. पवईला समीर (SAMEER) ही संस्था आहे, ज्यांचा रेडिओथेरपीचा लिनॅक सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात पेशंटवर चाललाय, आणि आयसोटोपसाठी ३० एमईव्हीच्या लिनॅकवर त्यांनीही काम केलंय. समीर तुमच्या खात्यात येत नाही हे माहीत आहे, पण पवई ते अणुशक्तीनगर हे अंतर किती? दोन खात्यांच्या मधल्या भिंतीपायी हे अडून राहू नये एवढीच इच्छा.

आता अडचणी. त्या लपवून ठेवल्या तर तुमच्यातलं कुणीही पहिल्या मिनिटाला हे पत्र बाजूला ठेवेल, म्हणून मीच सांगते. फिशनमधनं मॉली-९९ निघतं ते जवळपास निखळ असतं. मॉलिब्डेनम-१०० वर गॅमा मारून निघतं ते मात्र आपल्याच भावकीत मिसळलेलं, १०० पण मॉलिब्डेनम आणि ९९ पण मॉलिब्डेनम, केमिस्ट्रीनं वेगळं करताच येत नाही. त्यामुळे एका ग्रॅममागे अॅक्टिव्हिटी फिशनच्या तुलनेत हजार पटीच्या घरात कमी. नेहमीच्या अॅल्युमिनाच्या नळीत एवढं मॉलिब्डेनम मावत नाही, नळी मोठी करावी तर टेक्नेशियम पातळ येतं. बाहेरच्या देशांना ही अडचण डोंगराएवढी वाटते.

आपल्याला ती डोंगराएवढी वाटायचं कारण नाही, आणि या पत्रातली माझी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कारण आपण कित्येक वर्षं असंच पातळ मॉलिब्डेनम वापरत आलोय! ट्रॉम्ब्यात साधं मॉलिब्डेनम ऑक्साइड न्यूट्रॉनखाली ठेवून मॉली-९९ काढायचो, ते असंच मिसळलेलं असायचं. आमचे सिनियर सर, आता रिटायर झालेत, त्यांनी उमेदीची वर्षं एमईके एक्स्ट्रॅक्शन करण्यात घालवली. पहाटे यायचे. कॉस्टिकमध्ये विरघळलेलं मॉलिब्डेनम खाली, त्यावर मिथाइल इथाइल किटोन ओतायचं, घुसळायचं, थांबायचं, टेक्नेशियम वरच्या थरात येतं, तो थर अलगद काढायचा, अॅल्युमिनाच्या छोट्या कॉलममधनं सोडायचा, मग किटोन उडवून द्यायचं आणि तळाला राहिलेलं सलाइनमध्ये घ्यायचं. त्या किटोनचा थिनरसारखा उग्र वास शर्टला बसायचा आणि घरी बायको विचारायची रंगकाम करून आलात का, असं ते सांगायचे. नंतर झिर्कोनियम मॉलिब्डेटच्या जेलचा जनरेटरही आपल्याकडे झाला. हे ज्ञान पुस्तकातलं नाहीये, हातातलं आहे, आणि ज्यांच्या हातात आहे ती माणसं एकेक करून रिटायर होतायत. सरांनी मला एकदा रिकाम्या काचेच्या भांड्यावर पाणी आणि तेल घेऊन सगळं करून दाखवलं, कुठल्या क्षणी नळ बंद करायचा ते. तो क्षण बघूनच कळतो, लिहून नाही सांगता येत. उद्या ४० एमईव्हीचा लिनॅक आला आणि पातळ मॉली हातात आलं तर ते हाताळायची तयारी आपल्याकडे जेवढी आहे तेवढी फार थोड्या देशांकडे असेल. पण आणखी दहा वर्षांनी असेल का?

दुसरी अडचण, मॉलिब्डेनम-१०० निसर्गात जेमतेम दहा टक्के. समृद्ध केलेलं, म्हणजे १०० चं प्रमाण वाढवलेलं, बाहेरनं घ्यावं लागतं, रशिया किंवा युरोपातनं, आणि ते महाग. वापरलेलं परत मिळवता येतं पण त्यालाही कारखानदारी लागते. तिसरी अडचण पैशाची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये नॉर्थस्टार नावाच्या कंपनीनं याच रस्त्यानं जायचं ठरवलं होतं, पातळ मॉलीसाठीच्या त्यांच्या जनरेटरला २०१८ मध्ये एफडीएची मंजुरीही मिळाली, ४० एमईव्हीची इलेक्ट्रॉन मशीनं आणली, आणि २०२३ मध्ये मॉली-९९ मधनं बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. कुणी म्हणेल, बघा, जमलं नाही. मी ते वेगळं वाचते. मॉली-९९ चा बाजारभाव वर्षानुवर्षं सरकारी पैशानं बांधलेल्या रिअॅक्टरांच्या जिवावर खाली राहिलेला आहे, त्यात स्वतःच्या खिशातनं मशीन घेणाऱ्या कंपनीचा टिकाव लागणं अवघडच. म्हणून तर हे काम खासगी कंपनीवर न सोडता तुम्ही करावं असं म्हणतेय. पाण्याच्या टाकीचा हिशोब नफ्यातोट्यानं करत नाहीत ना, तसा याचाही करू नये.

पण नॉर्थस्टारच्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त कामाचा आहे. त्यांनी मशीनं विकून टाकली नाहीत, कॉपर-६७ आणि अॅक्टिनियम-२२५ या कॅन्सरवरच्या उपचाराच्या आयसोटोपांकडे वळवली. शिकागोजवळच्या अरगॉन लॅबमध्येही इलेक्ट्रॉन लिनॅकवर कॉपर-६७ बनवतात. आणि मला वाटतं आपणही सुरुवात मॉलीपासनं नाही तर इथनं करावी.

कारण कॉपर-६७ मध्ये ती भावकीची अडचणच नाही. झिंक-६८ घ्यायचं, त्यावर फोटॉन मारायचे, या वेळी न्यूट्रॉन नाही तर प्रोटॉन उडवायचा. प्रोटॉन गेला की तो झिंक राहतच नाही, तांबं होतो. वेगळा धातू म्हणजे केमिस्ट्रीनं वेगळा काढता येतो, निखळ. उंबरठा साधारण १० एमईव्ही, म्हणजे खारघरच्या आताच्या मशीनच्या अगदी नाकासमोर, पण पोचता येत नाही, आणि चांगलं पीक हवं तर परत ३५-४० च लागतात. आणि वेगळं करायची रीत बघा किती सुंदर आहे. ताटलीत कापूर तापवला की तो न वितळता वर जाऊन झाकणाला धरतो, तसं ते झिंक व्हॅक्युममध्ये तापवतात, ते वाफ होऊन वरच्या थंड भागाला जाऊन बसतं आणि तांबं खाली भांड्यातच राहतं. किती तांबं? एक क्युरी (किरणोत्साराचं माप) कॉपर-६७ म्हणजे वजनानं सव्वा मायक्रोग्रॅमच्या आसपास, डोळ्याला काहीही दिसत नाही, भांडं रिकामंच वाटतं. ते अॅसिडनं धुवून घेतात, कॉलममधनं काढतात, झालं. आणि वर बसलेलं महागडं झिंक-६८ खरवडून परत पुढच्या वेळी वापरायचं. निसर्गातलं साधं झिंक वापरलं तर चालणार नाही का, असं मलाही आधी वाटलं होतं, कारण त्यात ६८ साडेअठरा टक्के असतं. पण मग झिंक-६६ मधनं झिंक-६५ बनतं, २४४ दिवसांच्या हाफ लाइफचं, आणि ते टार्गेट, म्हणजे किरणांपुढे ठेवलेला धातू, हाताळणाऱ्यांच्या मागे वर्षभर लागतं. म्हणून समृद्ध झिंकच हवं. हेवी वॉटर बोर्ड बोरॉन-१० समृद्ध करतं, ऑक्सिजन-१८ चं पाणी करतं, झिंक हे वेगळं काम आहे मान्य, पण आयसोटोप वेगळे करणं ज्यांच्या रोजच्या कामात आहे त्यांना हा प्रश्न विचारून तरी बघा.

कॉपर-६७ पेशंटला कशाला हवंय ते सांगते. आज आपण ल्युटेशियम-१७७ देतो, ध्रुवमधलंच, आणि त्यानं न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचे पेशंट वर्षानुवर्षं चालतेबोलते राहिलेले मी बघितलेत. कॉपर-६७ त्याच जातीचं काम करतं, बीटा किरणांनी गाठ जाळतं, सोबत १८५ केईव्हीचा (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही) गॅमा देतं जो आमच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर दिसतो. हाफ लाइफ ६२ तास, म्हणजे ल्युटेशियमच्या साडेसहा दिवसांपेक्षा बरीच कमी, पेशंट लवकर मोकळा. आणि आधी कॉपर-६४ देऊन पेट स्कॅन करायचा, गाठ औषध धरते की नाही बघायचं, आणि मग त्याच रेणूवर कॉपर-६७ चढवून उपचार. दोन्हीकडे तांबंच, त्यामुळे स्कॅनमध्ये जे दिसलं तसंच औषध शरीरात जातं. नवी मुंबईतनं संध्याकाळी गाडी निघाली तर समृद्धीवरनं सकाळी नागपूर, बारा तासांत जेमतेम आठवा हिस्सा कमी होतो. हे परदेशातनं विमानानं आणून परवडणार नाही, इथेच बनलं तर सिव्हिलमधल्या पेशंटपर्यंत पोचेल.

मशीन एकदा आलं की पुढे बरंच आहे. टायटॅनियम-४८ मधनं प्रोटॉन उडवला की स्कँडियम-४७, आणि टायटॅनियमची काळी वाळू तर आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पडलेली आहे (अर्थात तेही समृद्ध करावं लागेल, नाहीतर ८४ दिवसांचं स्कँडियम-४६ सोबत येतं). रेडियम-२२६ मधनं एक न्यूट्रॉन काढला की रेडियम-२२५ आणि त्यातनं अॅक्टिनियम-२२५, ज्याच्यासाठी सगळं जग रांगेत उभं आहे. एकेकाळी हॉस्पिटलांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरला रेडियमच्या सुया वापरायचे, त्या कचरा म्हणून बंद करून ठेवल्यात, आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं २०२१ पासनं अशा जुन्या रेडियमला परत कामाला लावायची मोहीम चालवलीय. रेडियम हाताळणं सोपं नाही, रेडॉन येतो, ते काम सगळ्यात शेवटी. पण ज्या सुयांनी आपल्या आज्यांवर उपचार झाले त्यातनं नातींचं औषध निघू शकतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता माझं मागणं. ४० एमईव्हीचा, दहा किलोवॅटच्या काही पट ताकदीचा एक इलेक्ट्रॉन लिनॅक, फक्त आयसोटोपसाठी, नवी मुंबईत, वाशीच्या ब्रिटच्या (तुमच्याच खात्याचं आयसोटोप पुरवणारं मंडळ) हॉट सेलच्या, म्हणजे जाड कवचाच्या खोल्यांच्या, शक्य तेवढा जवळ. टार्गेटमध्ये एवढ्या छोट्या जागेत एवढी उष्णता जाते की झिंक ४१९ अंशाला वितळायच्या आत ते थंड कसं ठेवायचं हाच इंजिनिअरिंगचा खरा प्रश्न आहे, तो सोडवायला दोन-तीन वर्षं जातील, म्हणून सुरुवात आत्ता करा. लिनॅक येईपर्यंत खारघरच्या १० एमईव्हीवर दर महिन्याला काही दिवस विद्यापीठांच्या मुलांना बीम द्या, थोडं का होईना, पण मुलांना टार्गेट बनवायची, विरघळवायची, वेगळं करायची सवय लागू दे. आणि एमईकेवाल्या, जेलवाल्या जुन्या लोकांना बोलवा, पेन्शनवर घरी बसलेत, आनंदानं येतील, त्यांच्या समोर कॅमेरा लावा आणि त्यांचे हात शूट करून ठेवा. याला कॅबिनेटची मंजुरी लागत नाही, एक ट्रायपॉड लागतो.

आणि जे काही ठरेल ते आम्हाला सांगा. आम्ही म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यातले टेक्नॉलॉजिस्ट, डॉक्टर, फिजिसिस्ट. ही गोष्ट शक्य नाही असं तुमच्या तज्ज्ञांचं मत असेल तर तेही आकड्यांसकट सांगा, मी वाचेन, आमच्या सरांनाही वाचून दाखवेन. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही पण मॉलीचा विषय निघाला की सरसावून बसतात.

उद्या सोमवार आहे. या आठवड्याचा जनरेटर येतोय, ट्रॅकिंगवर गाडी निघालेली दिसतेय. सकाळी सातला मी धार काढेन, नवाला पहिला पेशंट आहे, त्यानंतर अकरा आहेत.

आपली नम्र,
एक न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट